दवाखान्यातली नावं

ताई,

वाकून नमस्कार. वाकून म्हणजे मनाने. पाठ सध्या ऐकत नाही. पण काळजी करू नकोस, जेवण वेळेवर होतं आणि खोलीत ऊन येतं. आईचा गुडघा कसा आहे?

तू मागे विचारलं होतंस, "आमच्या दवाखान्यातल्या पेशंटची नावं एका प्रोग्रॅममध्ये आहेत, ती पत्रं लिहायच्या प्रोग्रॅममध्ये आपोआप का येत नाहीत रे?" तुझ्यापुरतं काम मी एका सुट्टीत उरकलं असतं. पण मी हट्टाला पेटलो. आम्ही हौशी मंडळी मिळून जो फुकटचा डेस्कटॉप बनवतो, तुझ्या संगणकावरही आहे तो, त्यात सगळ्यांसाठीच सोय करायची, नावं साठवणारा डेटाबेस कुठलाही असो, जोडायची रीत एकच! ऑफिस सुटलं की मी लष्कराच्या भाकऱ्या भाजायला बसायचो. आमचा कोड तपासणाऱ्यांना सगळे आजोबा म्हणतात. ते दर वेळी म्हणायचे, "छान आहे, पण पुन्हा लिही." वर्ष असंच गेलं.

काल आजोबांनी माझ्या कोडला होकार दिला. खरं तर नाचायला हवं होतं, पण मी नुसता भिंतीला टेकून बसून राहिलो.

आणि आज तुझं पत्र आलं. "फोनवर तुझा आवाजच दमलेला होता, म्हणून पुन्हा विचारलं नाही. सगळी नावं मीच एकेक करून टाइप केली. मनगट जरा सुजलंय, बाकी ठीक."

बाकी ठीक! ही आपल्या घरची खोड मला चांगली ठाऊक आहे. वर मीही तेच लिहिलंय.

मनगटाला पट्टी बांध. आणि याचं उत्तर लिहू नकोस, फोन कर.

तुझा
धाकटा