कॅम्पर किती टिकतो

नॉटिंगहॅम,
२९ मार्च

प्रिय नकुल,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, तेवढ्यावर खूश होऊ नकोस. गुरुवारी तुझा मेसेज आला. ताई, कॅम्पर ठीक आहे ना, बाहेर ठेवलेले कॅम्पर साधारण किती वर्षं टिकतात, एक जण घ्यायचं म्हणतोय, चार फोटो पाठव. आणि त्याच्या खाली, जागा उरली होती म्हणून असेल, बाबा कसे आहेत. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने होत आले आणि त्यांचा नंबर कॅम्परनंतर लागला, हे मी नीट वाचलं. माझा आयपॅड दिवसभर बाबांच्या मांडीवर असतो आणि आलेला प्रत्येक मेसेज ते मोठ्याने वाचतात. तुझा मेसेज आला तेव्हा ते आंघोळीला गेले होते. मी तो पुसला आणि आता कागदावर उत्तर देतेय.

तो कॅम्पर माझ्या दारात आणून ठेवलास त्याला येत्या ऑगस्टात पाच वर्षं होतील. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी घेतला म्हणून तूही घेतलास. पिकअपच्या हौद्यात बसवायची ती दोन माणसांची खोली, वापरलीस दोनदा. मग नोकरी बदलली, एजवेअरच्या फ्लॅटला पार्किंग नाही, पिकअप विकलास. खोली उरली. घरापुढे गाडी लावायच्या माझ्या ड्राइव्हवर तिचे चार पाय टेकवलेस, फक्त दोन महिने ताई, असं म्हणालास, पोहे खाल्लेस आणि ट्रेनने गेलास. तेव्हापासून माझी गाडी रस्त्यावर उभी असते आणि हिवाळ्यात सकाळी सहाला काचेवरचा बर्फ मी खरवडते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला बाहेरचं जग दिसायचं, आता तुझ्या कॅम्परची पिवळट भिंत दिसते. तुझं काय जातंय? तुला तर तो आठवायचाही नाही.

बाबांना मात्र आठवायचा. तू त्यांना एकदाच व्हिट्बीच्या समुद्रावर नेलंस, दोन रात्री, तेवढ्यावर तो माणूस अजून बोलतोय. आई गेल्यावर ते इकडे आले तेव्हापासून माझ्याकडे राहतात, त्यांच्या गोळ्या, डोळे, दात सगळं मी बघते, आणि कौतुक कोणाचं, तर कॅम्परमध्ये चहा पाजणाऱ्या नकुलचं. पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडला नेईन, असं तू म्हणाला होतास. तू बोलायला म्हणून बोललास. त्यांनी ते खरं धरलं.

तर किती टिकतो, विचारलंस. बघणारं कोणी असेल तर पुष्कळ टिकतो. एकतीस वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपात बसच्या बॉड्या बांधलेल्या माणसाला तू न मागता कामाला लावलंस. दर रविवारी चहा झाला की बाबा कानटोपी घालून बाहेर. आधी पाय तपासायचे. पुढचे दोन मागच्यापेक्षा दोन बोटं खाली, म्हणजे छतावर पाणी साचत नाही. मग शिडी लावून पानं झाडायची, कोपऱ्यांतल्या सांध्यांवरून बोट फिरवायचं, सीलंटला बारीक चीर दिसली की त्याच दिवशी भरायची. इथे सांध्यात पाणी शिरलं की गोठतं आणि चीर रुंद करतं, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही म्हणेन. छतावरची खिडकी कायम चार बोटं उघडी. आतल्या गाद्या उभ्या, कपाटांची दारं सताड. असे चार हिवाळे आणि चार पावसाळी उन्हाळे त्यांनी काढले, आत एक थेंब नाही. माझ्या न्हाणीघराचा नळ गळतो हे मी त्यांना आठ वेळा सांगितलं. तो अजून गळतोय.

ऑक्टोबरात ते कचऱ्याच्या बिनच्या शेजारी ओल्या पानांवरून घसरले. तू एका शनिवारी आलास, चाळीस मिनिटं बसलास, त्यातली दहा पार्किंगच्या ॲपशी भांडण्यात गेली. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर बाबांनी मला पहिलं वाक्य काय सांगितलं असेल? छतावरची खिडकी बंद करू नकोस, आणि काही झालं तरी त्यावर प्लॅस्टिक टाकू नकोस.

मी घरी आले आणि टाकलं.

आता हे वाच आणि मनातल्या मनात हस. पेणला आई आगोटीला कशी सगळं झाकायची आठवतंय ना, मे संपायच्या आत लाकडं, पाटा, जुनी सायकल, सगळ्याला प्लॅस्टिक आणि वर सुतळी. मी तेच केलं. निळी ताडपत्री आणली, छतावरची खिडकी घट्ट लावली, चारी बाजूंनी नायलॉनच्या दोरीने आईसारख्या गाठी मारल्या. पेणला पाऊस वरून येतो आणि ऑक्टोबरचं ऊन सगळं वाळवून टाकतं. इथे वाळवायला कोणी येत नाही. आत होती नव्हती ती ओल आतच कोंडली. हे मला कळत नव्हतं असं नाही, मघाशी लिहिलंच, मला सगळं पाठ आहे. पण फार्मसीत बारा-बारा तास उभं राहून आल्यावर रविवारी तुझ्या वस्तूसाठी शिडी चढायची माझी इच्छा नव्हती. आणि मला ती भिंत दिसायला नको होती. दोन्ही खरं आहे.

बाबांची कॉट मागच्या खोलीत, बागेकडे तोंड करून. तिथून ड्राइव्ह दिसत नाही, आणि ॲम्ब्युलन्सवाले त्यांना मागच्या फाटकातूनच आणत-नेत. दर रविवारी ते विचारायचे, खिडकी उघडी आहे ना. मी हो म्हणायचे. अठरा रविवार मी हो म्हणाले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ताडपत्री काढली. दार उघडल्यावर जो वास आला त्याने मी पायरीवरच थांबले. गाद्यांवर काळे ठिपके, छताचा प्लायवूड पोपडे येऊन लोंबतोय. आत पाय टाकला तर जमीन चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी खचली. दोन माणसं बोलावली, त्यांनी आत डोकावून मान हलवली. मी बाबांना फिजिओच्या अपॉइंटमेंटला पाठवलं आणि तेवढ्यात त्या माणसांनी कॅम्पर तुकडे करून नेला. तेव्हा फोटो येणार नाहीत. तुझ्या त्या गिऱ्हाइकाला काय ते सांग.

त्या दिवशी बाबा पहिल्यांदाच वॉकर घेऊन पुढच्या दारातून आले. ड्राइव्ह रिकामा. त्यांनी वॉकर तिथेच थांबवला. माझ्या तोंडून निघून गेलं, नकुल येऊन घेऊन गेला. त्यांनी एवढंच विचारलं, मला न भेटताच गेला का. मी म्हटलं, घाईत होता. माझ्या भावाबद्दल मी आजवर पुष्कळ वाईट बोलले, पण खोटं हे पहिलंच, आणि नेमकं त्यांनी ते एका शब्दाने न अडवता मानलं. तू तसा आहेस म्हणूनच मानलं, हेही लिहून ठेवते.

तेव्हापासून ते रोज विचारतात, नकुलचा फोन आला का, छत कसं आहे. म्हणून हे पत्र. तू फोन कर. सांग की तू नेलास, बघायला वेळ मिळाला नाही, तुझ्याकडे सडला. ते तुझ्यावर चिडतील, दोन दिवस जेवताना तुझं नाव काढणार नाहीत आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या पाठदुखीची चौकशी करतील. माझ्यावर ते चिडणार नाहीत. या घरात माझ्या हातचं खाऊन राहायचंय म्हणून ते मला एक शब्द बोलणार नाहीत, मान खाली घालून वॉकर सरकवत मागच्या खोलीत जातील. ते मला बघवणार नाही, नकुल. तू माझं काही देणं लागत नाहीस आणि हे मागायचा मला हक्क नाही, तरी मागतेय. रविवारी चहाच्या वेळी फोन कर आणि माझा दोष तुझ्या अंगावर घे.

तुझीच,
सुमेधाताई