पोळपाट उसना देण्याचं इंग्रजी

जांबे, शुक्रवार

तीर्थस्वरूप येसाजीदादा यांसी जांब्याहून सिद्धनाथचा दंडवत.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? रंभावहिनींचा खोकला गेला असेल (नसेल तर अडुळसाच घ्या म्हणावं, डॉक्टरच्या नादी लागू नका). आमची चिमाबाई मजेत असेलच, माहेरी कोण मजेत नसतं? मी मात्र मजेत नाही. फोनच करणार होतो, पण तुमच्या घरात कुणाचाही फोन वाजला की तीच उचलते, "पोळपाट आला का?" एवढं विचारते आणि ठेवून देते. म्हणून भुकूमला दूध घालणाऱ्या किशोरजवळ हे पत्र देतोय. ते तुम्हीच उघडा.

तिने तिची बाजू सांगितली असेलच. ती खरी आहे, पण अर्धी. आमच्या खालच्या खोलीत अनिमेष म्हणून भाडेकरू आहे, कटकचा, हिंजवडीत नोकरीला. पोरगा गुणी (भाडं वेळेवर, चपला दाराबाहेर). त्याची हिंदी आणि माझी हिंदी यांचं मात्र पटत नाही, म्हणून आम्ही इंग्रजीत बोलतो. त्याला ती भाषा येते आणि मला धीर आहे. मागे चिमाबाई भूगावला लग्नाला गेली होती, तेव्हा तो वर आला आणि पोळ्या लाटायला काहीतरी मागू लागला. मी तिचा पोळपाट काढून दिला. हो, तोच. तुमच्या अण्णांनी स्वतः रंधा मारून तिला करून दिलेला, सागाचा, तीन पायांचा. (घरात स्टीलचाही होता. पण मागायला आलेल्याला चांगली वस्तू द्यावी, ही तुमच्याच घरची शिकवण.)

दुसऱ्या संध्याकाळी तो परत द्यायला आला. अशा वेळी आपण काय म्हणतो? "ठेव रे, ठेव, घाई काय आहे?" म्हणजे उद्या-परवा आणून दे. मी तेच इंग्रजीत म्हणालो, "कीप इट, कीप इट." पोराचे डोळे भरून आले, तो खाली वाकून माझ्या पाया पडला. मला वाटलं, कटककडची रीत असेल. मग चिमाबाई आली, पीठ मळलं आणि फळीकडे हात नेला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. माझी पुतणी उत्कर्षा इंग्रजीचे क्लास घेते, तिने डोक्याला हात लावला. कीप इट म्हणजे म्हणे कायमचं ठेवून घे. आपल्याकडे 'ठेव' आणि 'ठेवून घे' यांच्यामध्ये अख्खं गाव बसतं, इंग्रजांनी ते गावच उठवलं. तोवर अनिमेषने पोळपाटाचा फोटो कटकला धाडला होता आणि त्याच्या आईने व्हिडिओवरून मला हात जोडले होते. आता दिलेली वस्तू कुठल्या तोंडाने परत मागायची? चिमाबाईने मात्र पिशवी भरली. पोळपाट घरात येईल तेव्हाच मी येईन म्हणाली.

मग उत्कर्षाने मला शिकवायला घेतलं. आपण उसनं देतो आणि उसनंच आणतो, एकच शब्द दोन्हीकडून राबतो. इंग्रजीत तसं नाही. देणारा लेंड करतो, घेणारा बॉरो करतो, आणि मागण्याआधी मे आय, कुड यू, इफ यू डोन्ट माइंड अशी आरती म्हणावी लागते (तोवर तव्यावरची पोळी जळून जाईल, पण ते असो). मी गोठ्यात फेऱ्या मारत सगळं घोकलं. आमची म्हैससुद्धा कंटाळली. आणि काल धीर करून खाली गेलो. बघतो तर पोळपाट टेबलावर, आणि त्याच्यावर लॅपटॉप. पोळ्या त्याने केव्हाच सोडल्या होत्या. त्या उंचीमुळे त्याची मान दुखायची थांबली, असं तो कौतुकाने सांगत होता. अण्णांच्या हातची वस्तू तशी बघून माझं पाठ केलेलं सगळं उलटसुलट झालं. मी म्हणालो, "इफ यू डोन्ट माइंड, मे आय बॉरो माय पोळपाट?"

त्याने आनंदाने दिला, पुसूनसुद्धा दिला. मी जिना चढत होतो तेव्हा मागून म्हणाला, सोमवारी मोठी मीटिंग आहे, सकाळपर्यंत परत द्या. म्हणजे दादा, माझ्या घरचा पोळपाट मी उसना आणलाय.

असो. पोळपाट घरी आला, एवढं तिच्या कानावर घाला. थोरामोठ्यांना नमस्कार, पिंकीला पापा.

तुमचा
सिद्धनाथ

ता. क. तिला उद्याच पाठवा. सोमवारचं मुळीच बोलू नका, एकदा आली की पुढचं बघता येईल. विकतच्या चपात्यांची माझी तक्रार नाही. पण दिवसभरात मला टाकून बोलायला कुणी नाही, घर नुसतं खायला उठतं.

ता. क. दुसरं. किशोरची वाट बघवेना, म्हणून मीच तिला फोन लावला आणि पोळपाट आल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आला, बरं झालं. पर देताना तुमी मला इचारलं व्हतं का?" आणि ठेवून दिला. दादा, दुसऱ्याची वस्तू विचारून कशी घ्यावी ते इंग्रजीत मला आता चार तऱ्हांनी येतं. मराठीत बायकोला विचारायची कधी वेळच आली नाही. ते कसं विचारतात, एवढं वहिनींना विचारून कळवा. सोमवारच्या आत कळवा.