सातव्या फेरीतली गिधाडं

पुणे, ४ ऑगस्ट २०२४

ती. सुकेशनी आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि. मानवतच्या बसस्टँडजवळ महारुद्रच्या वडिलांच्या दुकानात आपण मशीनवर गिधाडं पाडायचो, ती गेम आठवते? ती नव्या कन्सोलसाठी तयार करायचं काम कंपनीनं माझ्याकडे दिलंय. चित्रं नवीन काढली, आवाज सुधारले. सातव्या फेरीत पडदा गिधाडांनी भरला की जुनी मशीन दमायची, सगळं हळू व्हायचं. तो दोषही काढला. आता शेवटपर्यंत सुसाट!

सोबत कन्सोल आणि कच्ची प्रत पाठवतो आहे. जुन्या खेळाडूंकडून तपासून घ्यायचीय, महारुद्रलाही सांगणार आहे. शाळेतल्या पोरांच्या वह्या जरा बाजूला ठेव आणि खेळ.

लोभ रागासकट असू दे.
तुझा नागेश

मानवत, १९ ऑगस्ट

चि. नागेश,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले.

तो दोष नव्हता, शहाण्या. सगळं हळू व्हायचं तेवढ्यातच आम्ही वाट काढायचो. तुझ्या गेममध्ये मी सातव्या फेरीत साठ वेळा मेले. आता कुठं पार होते.

तेव्हा मी चौदाची, तू दहाचा. महारुद्रचा आकडा मोडायला दोन गिधाडं उरली होती, आणि त्यानं मशीनचं बटण बंद केलं. वर लाईट गेली म्हणाला. डोक्यावर पंखा फिरत होता! मग गावभर सांगितलं की पोरीला जमलं न्हाई, रडत घरी गेली. ते बाबांच्या कानावर गेलं आणि माझं खेळणं कायमचं बंद झालं. अजून बाजारात भेटला की विचारतो, काय मॅडम, गिधाडं कशी हायत? सव्वीस वर्षं ऐकते आहे.

तो खेळेपर्यंत गेम अशीच सुसाट ठेव. त्याला काही सांगू नकोस. त्याच्याच दुकानात, चारचौघांत नाक कापायचंय मला.

माया असेल तर एवढं करच.
तुझी आक्का

पुणे, २७ ऑगस्ट

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. तो पंखा मलाही आठवतो, म्हणून तयार झालो. रविवारी, ८ तारखेला त्याच्या मोबाईलच्या दुकानात तुमचा सामना ठेवलाय. तो लय खूश आहे. मला सुट्टी नाही, सविस्तर कळव.

आशीर्वाद असावा.
नागेश

मानवत, ९ सप्टेंबर

चि. नागेश,
जयभीम, आशीर्वाद. दुकान माणसांनी भरलं होतं. महारुद्र तीनदा खेळला आणि तिन्ही वेळा सातव्या फेरीत मेला. मी बसले आणि पार झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाटलं होतं, तो तंडेल. तर स्वतःच्या पोरीला, वैष्णवीला म्हणाला की बापाची बोटं आता म्हातारी झाली, मॅडमचा हात मातर पयल्यापासून असाच हाय. आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

तो चहा मी तसाच बाजूला ठेवला. मेल्याला कळलंच नाही की मी त्याचा वेळ चोरलाय. तो हरला नाही, त्याला फसवलं. आणि फसवणं हे त्याचं काम, माझं नव्हे.

मी तिथंच सगळं सांगून टाकलं. मग खाली मान घालून तो म्हणाला की तेव्हा बटण त्यानंच बंद केलं होतं. सव्वीस वर्षं हेच ऐकायचं होतं मला. ऐकलं, आणि राग तसूभरही उतरला नाही.

तेव्हा तो हळूपणा होता तसा परत घाल. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा सामना ठरलाय. त्याला त्याचा सगळा वेळ मिळू दे. मग हरवते.

मायेत हयगय चालेल, कामात नको.
तुझी आक्का