रोजचे दीड हजार शब्द

सोमवार, २ मार्च. सकाळी ६.१०
आजपासून कादंबरी. ऑफिसातून महिन्याची रजा घेतली आहे. एकतीस तारखेला हस्तलिखित देतो, असं प्रकाशकांना कबूल केलंय. रोज दीड हजार शब्द, की झालं. मुलीची खोली मला मिळाली. तिची वार्षिक परीक्षा जवळ आहे, पण ती गुणी आहे, कुठेही बसते. दारावर कागद चिकटवला : लेखन चालू आहे. घरात सर्वांनी कुजबुजत बोलायचं ठरलं.

मंगळवार, ३ मार्च
काल टेबलाची जागा ठरवण्यात गेला. उजेड डावीकडूनच हवा. आज २१२ शब्द. दर्जेदार. संध्याकाळी बायकोने विचारलं किती झाले, तर तोंडातून दीड हजार निघालं. उद्या भरून काढणारच आहे, म्हणजे थाप नव्हे. मुलीने फ्रीजवरच्या बोर्डवर आकडा लिहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हळूच.

शुक्रवार, ६ मार्च
कुकरच्या शिट्ट्यांनी तंद्री मोडते. बायकोला सांगितलं. म्हणाली, बरं, भात पातेल्यात करते, अर्धा तास आधी उठेन. समजूतदार बाई. कागदावर आज काही नाही, मनात पुष्कळ. बोर्डवर सहा हजार.

सोमवार, ९ मार्च. सकाळी ११
अण्णा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून मॅच बघतात. वडिलांकडून एवढी अपेक्षा नव्हती. तसंही मॅचमध्ये ऐकण्यासारखं काय असतं? मी दार किलकिलं करून तीन ओव्हर बघितल्या. निरीक्षण लेखकाला लागतंच.

शुक्रवार, १३ मार्च
मुलीला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नाही म्हणे. म्हणून ती जिन्यात बसते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तिला बसायला उशी दिली. आमच्या घरात उशा नाहीत का? मला चीड आली. त्या चिडीत दिवस गेला. नायकाचं नाव बदललं. तिसऱ्यांदा.

मंगळवार, १७ मार्च
चाचणीत इतिहासात पंचवीसपैकी अकरा. बायको अण्णांना सांगत होती की जिन्यात सारखी ये-जा, पोरीचं लक्ष लागत नाही. तेही कुजबुजतच सांगत होती. ईर्ष्येने लिहायला बसलो. नऊ पेन्सिलींना टोक काढलं. संध्याकाळी मुलगी दारात उभी. बाबा, आज किती? म्हटलं, दीड हजार. आज तरी खरं बोलायला हवं होतं. लाज वाटते.

शनिवार, २१ मार्च
बोर्डवर साडेअठ्ठावीस हजार. बायकोने परस्पर ठरवलंय की उद्या वाचन. काकूंनाही बोलावलंय. घाबरायचं कारण नाही. मनावर घेतलं तर दिवसभरात पाच हजार सहज होतील.
दुपारी ४ : जरा डोळा लागला होता.

रविवार, २२ मार्च
सगळे जमले. बायकोने चहा केला. मी वही उघडून वाचलं. दोन मिनिटं लागली. अण्णा म्हणाले, प्रस्तावना झकास आहे, आता सुरू कर. काकू मांडी बदलून नीट बसल्या.

म्हटलं, एवढंच आहे.

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोललो असतो. काकू कप विसळायला उठल्या. मुलगी बोर्डकडे बघत राहिली. आकडे तिच्याच अक्षरातले. मान वर करायची सोय नव्हती मला.

काकू गेल्यावर बायकोने विचारलं, उद्या माझ्या ऑफिसात सगळ्या विचारतील, कादंबरी कुठवर आली, तर काय सांगू? टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मी म्हटलं, सांग, शेवटच्या प्रकरणावर आहे.

हे कसं निघालं तोंडातून, देव जाणे. मुलगी तिथेच होती. तिने दप्तर उचललं, काकूंची उशी घेतली आणि निमूट जिन्यात जाऊन बसली. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.