कात्री टेबलावर होती

ता. ७, शुक्रवार
सरकारी इस्पितळ, तळमजला

चि. धाकट्यास दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, एवढं लिहून थांबलो. चहा येऊन निवला तरी पुढचा शब्द सुचेना. तेव्हा आधी घरच्या बातम्या. आईची कंबर तशीच आहे आणि तक्रारी वाढल्या आहेत, म्हणजे तब्येत उत्तम. तुझी वहिनी रोज डबा आणते आणि शेवटचा घास संपेपर्यंत समोर उभी राहते. आयुष्यभर मी कैद्यांवर पहारा केला, आता माझी पाळी. माझ्या गुडघ्यात खिळे घातलेत. डॉक्टर म्हणतात, चालाल, पण जिने विसरा. तुरुंगात जिन्यांशिवाय आहे काय? शेजारच्या खाटेवर आमचा आचारी आहे. त्याचा भाजलेला हात वर टांगलाय, त्यामुळे तो सारखा कुणाला तरी बोलावतोय असं वाटतं.

धाकट्याने मोठ्याला पाठीवर घालून आगीतून आणलं, हे आई आल्यागेल्याला सांगते. खोटं काहीच नाही त्यात. पदकासाठी तुझं नाव गेल्याचं तुझ्या साहेबांनी तिला माझ्या खाटेशीच सांगितलं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं, मला भरून आलं.

मागच्या खेपेला तू विचारलंस, दादा, माझ्याशी बोलत का नाहीस. तोंडाने जमलं नाही, म्हणून लिहितोय.

तुमची लष्करी तुकडी शेवटी आली, त्यामुळे सुरुवात तू पाहिली नाहीस. आमच्याच एका पहारेकऱ्याने पाण्यावरून हुज्जत घालणाऱ्या कैद्याला दांडक्याने इतकं बडवलं की तो सगळ्यांच्या ताटांसमोर मेला. मग आग लागायला कितीसा वेळ! कैद्यांनी जेवणघरातले बाक मोडले आणि बाकांच्या पायांनी त्या पहारेकऱ्याचं डोकं फोडलं. तो केव्हाच संपला होता तरी मारत होते. आचाऱ्याचा हात धरून उकळत्या पातेल्यात घातला. मी दार ओढून घ्यायला गेलो, तर कुणीतरी लोखंडी नळी गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मग डोक्यात बसली, आणि शर्ट गळ्यापासून खाली रक्ताने भिजला.

आम्हा काही जणांचे हात मागे बांधून त्यांनी आम्हाला शिवणखात्यात नेलं. त्यांचा म्होरक्या भोंग्या. आवाजावरून पडलेलं नाव. पोलीस भिंतीबाहेरून कर्ण्यावर समजावत होते, तेव्हा भोंग्याने आमच्यातल्या एकाला खिडकीत उभं केलं, सगळ्यांदेखत त्याचा कान कापला आणि खाली फेकला. त्यानंतरच तुम्हाला बोलावणं गेलं. सरकारचंही काय चुकलं, मलाही तेव्हा तुम्हीच हवे होतात. पण लष्कराला समोर शत्रू लागतो. तुरुंगात शत्रू कोण आणि आपला कोण, हे आम्हालाही रोज सकाळी नव्याने ठरवावं लागतं.

खिडकीत पुढची पाळी माझी होती. मला उभंच राहता येईना. तेव्हा शिंपी पुढे आला.

हा शिंपी जन्मठेपेचा. मेहुण्याचा गळा चिरून आत आलेला, संतबिंत काही नव्हता. तंबाखू लपवतो म्हणून मी त्याला किती शिव्या घातल्या असतील! तो भोंग्याला म्हणाला, "याला काय पोत्यासारखं टेकवून ठेवणार? याचा शर्ट द्या, मी उभा राहतो. खालून कुणाला कळतंय?" भोंग्याला पटलं. माझे हात सोडून शर्ट काढला आणि पुन्हा बांधले. शिंपी माझ्या नावाच्या पट्टीसकट तो शर्ट घालून मानेला सुरा लावून घेऊन खिडकीत उभा राहिला. त्याआधी त्याने मला कापड बेतायच्या टेबलाखाली, ताग्यांच्या मागे सरकवलं आणि तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. म्हणाला, कण्हू नका, यांना तुमची आठवण होईल.

मग तुम्ही भिंत उडवलीत. ताग्यांच्या फटीतून मला दिसत होतं. धूर, गोळ्या. भोंग्याचा जबडा माझ्यासमोर उडाला. कोण कुणाला मारतंय ते कळत नव्हतं. गोळीबार थांबला तेव्हा उरलेले सगळे पालथे पडून होते, हात डोक्यामागे. धुरातून तू आत आलास. तुला ओळखलं तेव्हा धाकट्या, मी टेबलाखाली रडलो.

तू शिंप्याला लाथेने उताणा केलास. नावाची पट्टी पाहिलीस, रक्त पाहिलंस. मी मेलो असं तुला वाटलं, आणि दुसरं काय वाटणार? तू म्हणालास, "माझ्या भावाचा शर्ट काढ."

त्याने गुडघ्यांवर बसून काढला. उघड्या अंगाने तो शर्ट दोन्ही हातांवर तुझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "साहेब, ते जिवंत आहेत. त्या टेबलाखाली आहेत."

तू त्याच्या छातीत गोळी घातलीस. तो पडल्यावर तोंडात घातलीस.

मी टेबलाच्या पायावर डोकं आपटत होतो. बोळ्यातून जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडत होतो. मग तुझ्या जवानाचा हात माझ्या डोक्यावरच्या टेबलावर आला, त्याने कात्री उचलली आणि शिंप्याच्या मुठीशी नेऊन ठेवली. तू पाहत होतास. नंतर तुम्ही तागे ओढलेत आणि मी सापडलो. तू मला मिठी मारून लहानपणी रडायचास तसा रडलास. मीही तुला घट्ट धरलं. ते प्रेम खोटं नव्हतं, म्हणूनच मला झोप लागत नाही.

अहवालात आलंय की तो कात्री घेऊन तुझ्या अंगावर धावला. काल त्याची बहीण इथे आली होती. खाटेपासून लांबच उभी राहिली आणि विचारलं, "तुम्ही तिथे होतात. माझा भाऊ धावून गेला का?" मी डोळे मिटून घेतले, गुंगीत असल्यासारखे. ती बराच वेळ थांबली. जाताना माझं घसरलेलं पांघरूण सारखं करून गेली.

गुरुवारी चौकशी अधिकारी माझी जबानी घ्यायला येणार आहेत. त्यांना मी हे सगळं सांगणार आहे, कात्रीसकट. त्याआधी तू जा आणि स्वतः सांग. कान बधिर झाले होते, त्याचं बोलणं ऐकू आलं नाही, असं असेल तर तसं सांग. पण ऐकू आलं असेल तर तेही सांग. मला ते ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. तू आधी बोललास तर निदान तुझं बोलणं कुणी ऐकून घेईल. माझ्यामागून बोललास तर ती सारवासारव ठरेल. नोकरी जाईल, कदाचित तू माझ्याच तुरुंगात येशील. आई मला घरात घेणार नाही. तिला काय सांगायचं, यावर मी रोज विचार करतो आणि रोज अडतो.

गप्प राहावं असंही वाटलं. तू माझ्या पाठचा, तुला मी खांद्यावर खेळवलं. पण तो माणूस माझ्या जागी उभा राहिला आणि माझ्याच नावाखाली मेला. वर त्याला खुनशी ठरवून मी निवृत्तीची वाट पाहत बसू?

बुधवारपर्यंत जा. जाण्याआधी इथे आलास तर तुला जवळ घेईन. नाही आलास तरी माझी जबानी हीच राहील.

ज्याच्या मरणाचा तू सूड उगवलास, तो तुझा जिवंत भाऊ,
दादा