शक्य ती सर्व मदत

मैलापूर, चेन्नई
४ डिसेंबर

चि. संयुक्ता,

तुला, कार्तिकेयला आणि माझ्या नातीला, तुळजाला अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. पाऊस इथंही झाला, पण गल्लीत पाणी घोट्याच्या वर आलं नाही. माझा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतोय.

काल फोनवर "सगळी जिवंत आहोत" एवढं बोललीस आणि लाइन तुटली. वादळात तुमच्या घरावर दरड आली, तुम्ही कँडीतल्या शाळेत राहताय, हे नंतर तुझ्या नणंदेकडून कळलं. शेजारची सरोजा उद्या डॉक्टरांच्या पथकाबरोबर लंकेला निघालीय. तिच्या हाती हे पत्र आणि तुळजाचा स्वेटर देते. लोणच्याची बरणी नेणार नाही म्हणाली. मेली नर्स झाल्यापासून फार शिस्तीची झालीय.

आता अप्पांचं. तू विचारणार नाहीस, ठाऊक आहे. तुझ्या लग्नापासून तुम्ही बापलेकींनी मला टपालपेटी करून ठेवलंय. वादळ आल्यापासून ते टीव्हीपुढून हलत नाहीत. कुठल्या देशाच्या पुढाऱ्यानं कधी दुःख व्यक्त केलं, कुणी जहाज धाडलं, कुणी नुसतीच पोस्ट टाकली, सगळ्यांना मार्क देतात. जन्मभर मंत्र्यांच्या कचेरीत बसून परदेशातल्या पूर-भूकंपांचे शोकसंदेश ह्यांनीच लिहिले ना! मजकूर ह्यांचा, सही साहेबांची. एका पुढाऱ्यानं मदतीच्या पोत्यांवर स्वतःचा फोटो छापलेला दिसला, तर ताटावरून उठले.

काल दुपारी कुणी एक पंतप्रधान चार दिवसांनी बोलले. अप्पा कडाडले, "शेजारी मरतोय आणि ह्याला आज जाग आली."

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. म्हटलं, "त्याला चार दिवस लागले. तुम्हाला सहा वर्षं झाली."

फार बोलले गं मी. त्यांनी टीव्ही बंद केला. संध्याकाळभर कागद घेऊन बसले आणि मग माझ्यापुढे धरला. 'या दुःखद प्रसंगी आम्ही आपल्या सोबत आहोत. शक्य ती सर्व मदत केली जाईल.' पोटच्या पोरीला! मला आधी हसू आलं, मग रडूच कोसळलं.

"मला दुसरं लिहिता येत नाही, कमल," म्हणाले. "तू लिही. मी सही करतो."

म्हणून हे पत्र. आत्ताच त्यांना वाचून दाखवलं. शेवटची ओळ मी भीत भीतच, 'शक्य असेल तर' असं घालून लिहिली होती. कार्तिकेयचं नाव घालायला तर धजलेच नाही, त्याच्यावरूनच सगळं बिनसलं होतं ना. त्यांनी पेन मागितलं. 'शक्य' हा ह्यांचा लाडका शब्द. तो घातला की साहेब पुढं वचनात अडकत नाहीत, असं आमचं लग्न झाल्यावर मला कौतुकानं सांगितलं होतं. आज त्यांनी तोच आधी खोडला. मग वर काहीतरी घातलं. खाडाखोड झालीय. मी ओळ खाली पुन्हा नीट उतरवते, त्यांनी दुरुस्त केली तशी:

घर उभं राहीपर्यंत तू, तुळजा आणि जावईबापू इकडे या.

सही सवयीनं केलीय, हसू नकोस. मग खाली आणखी एक केली.

तुझी आई

आर. शेषाद्री
अप्पा