शेवटच्या खोलीतली हवा

सोमवार, ३ फेब्रुवारी

हॉस्पिटलशेजारची जुनी इमारत पाडायला घेतली. आमच्या खिडक्या बंद, फटींना चिकटपट्ट्या, तरी प्रयोगशाळेतल्या टेबलावर बोट फिरवलं की रेघ उठते. अधीक्षक म्हणाले, "शहरात धूळ कुठे नाही?" खरंय. बुरशीचे कणही सगळीकडे असतात. आपण ते रोज श्वासातून घेतो आणि आपलं काही बिघडत नाही. रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डातल्यांचं बिघडतं, कारण उपचारांनी त्यांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपवलेल्या असतात.

त्या वॉर्डाच्या शेवटच्या खोलीत दादा आहे.

ठरलं ते असं — पाडकाम चालू राहील, मी हवा तपासत राहायचं. बुरशी सापडली तर काम थांबवायचं, पेशंट हलवायचे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दादाच्या खोलीत पहिली प्लेट ठेवली. पाडकामाला लागून हीच खोली, म्हणून वॉर्डासाठी हीच एक. बुरशीचं खाद्य भरलेली काचेची चपटी बशी. झाकण काढून तासभर उघडी ठेवायची. हवेतून जे पडेल ते तीन-चार दिवसांत उगवतं.

दादा बघत होता. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, दुसऱ्याच्या हातांकडे बघायची खोड जात नाही. "नीट धर. तुझ्या हातात कप कधी टिकला नाही."

मधल्या लाकडी फळीपलीकडच्या खोलीतला पेशंट, एक ट्रकवाला, ओरडला, "मास्तर, सोडा की बिचारीला. कामावर आहे ती."

"तुम्ही तुमचं स्टिअरिंग सांभाळा."

दिवसभर दोघांचं हेच. अजून एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

प्लेट स्वच्छ. एकही ठिपका नाही. तसं लिहून दिलं. आज दुसरी ठेवली आहे.

दादाला दुपारपासून ताप.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताप हटत नाही. ट्रकवाल्यालाही चढलाय. डॉक्टरांना दोघांसाठी तिसरं अँटिबायोटिक हवंय, राखीव कपाटातलं. ते माझ्या सहीशिवाय निघत नाही. माझं दुसरं काम तेच — कोणाला कुठलं अँटिबायोटिक चाललंय ते बघणं, गरज नसेल तिथे अडवणं. पाठीमागे मला 'चेकनाका' म्हणतात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

मी अडवलं. रक्ताच्या तपासण्यांत एकदाही जिवाणू नाहीत, दोन औषधांनी काडीचा फरक नाही. मला बुरशीचा संशय येतोय. बुरशी असेल तर जगातलं कुठलंही अँटिबायोटिक दिलं तरी फुकट.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बुरशीचं औषध मूत्रपिंडांवर जातं. दोघांचीही आधीच थकलीत. छातीच्या स्कॅनवरचा डाग कशाचाही असू शकतो. आणि हवा स्वच्छ आहे हे मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय."

 दुसऱ्या प्लेटचा निकाल येईपर्यंत थांबू, एवढंच मी म्हणाले.

वहिनी बाहेर बाकावर. "परक्यांची औषधं अडवतेस, समजू शकते. सख्ख्या भावाचंही?" बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दुसरीही स्वच्छ. सही केली. दोघांच्याही अँटिबायोटिकसाठी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ताप तसाच. सकाळी दादाच्या खोकल्यात रक्त.

शनिवार, १५ फेब्रुवारी



आज तिसरी प्लेट ठेवली. जिन्यापर्यंत गेले तेव्हा लक्षात आलं, पेन तिथेच राहिलं. परत आले. दादा सलाइनचा हात सांभाळत पलंगावरून वाकलेला. प्लेटवर झाकण ठेवत होता.

"काय करतोस?"

चोरी पकडल्यासारखा हसला. "दर वेळी उघडीच टाकून जातेस. धूळ बसेल गं. उघडलेलं घड्याळ मी कधी असं सोडलंय?"

"मागच्या दोन्ही वेळा?"

"हो. तू यायच्या सुमाराला काढून ठेवायचो. उगाच तुला ओशाळं व्हायला नको."

बाकी वॉर्डांत मी प्लेटशेजारी चिठ्ठी चिकटवते, 'झाकू नये'. नातेवाइकांना दोन-दोनदा सांगते. इथे चिकटवली नाही. घरच्या माणसाला कसली चिठ्ठी लावायची, असं वाटलं होतं.

त्याला काही सांगितलं नाही. उशीवर टेकवलं. नवी प्लेट आणून उघडली आणि तासभर शेजारी बसून राहिले. तो झोपला. फळीपलीकडे ट्रकवाला नुसता कण्हत होता.

मग डॉक्टरांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी दोघांचे कागद पुढे ओढले. म्हणाले, "निकालाची वाट बघत नाही. दोघांनाही बुरशीचं औषध आत्ताच सुरू करतो."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

प्लेट काठापर्यंत भरली. करडा-हिरवा मखमली थर. पाडकाम थांबलं. वॉर्ड पलीकडच्या इमारतीत हलवला. या दोघांना शेजारशेजारच्या खोल्या मागून घेतल्या, इथेही मध्ये फळीच.

दादाचा ताप उतरतोय. ट्रकवाल्याचा नाही. त्याच्या दोन्ही फुप्फुसांत बुरशी पसरलीय.

अधीक्षकांना लेखी हवंय. झाकण कोणी लावलं, नावानिशी.

वहिनीने जिन्यात माझे दोन्ही हात धरले. "रागाच्या भरात बोलले गं त्या दिवशी. तू होतीस म्हणून हे वाचतायत." मी मान हलवली आणि खाली उतरले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ट्रकवाला सकाळी गेला. दुपारी लेखी दिलं — प्लेटवर सूचना लावली नाही, चूक माझी. पेशंटचं नाव लिहिलं नाही.

संध्याकाळी दादा स्वतःच्या हाताने जेवला. फळीवर बोटं वाजवली, वाट पाहिली. "पलीकडे इतकं शांत कसं गं?"

"घरी सोडलं त्यांना."

"न भेटता गेला, लबाड," म्हणाला आणि कूस बदलून झोपला.